स्विचला ग्रिप कोणती घ्यावी? आधी हात नेमका कुठे दुखतो ते पाहू

प्रश्न थोडक्यात असा आहे: निन्टेन्डोचा ओएलईडी स्विच (हातात धरून खेळायचा कन्सोल), जॉय-कॉन म्हणजे दोन्ही बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर लावूनच खेळणं, तेही बहुतेक रात्री गादीवर आडवं पडून. तासाभरात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो, अधूनमधून करंगळी बधिर होते. ग्रिप, सिलिकॉन कव्हर, स्टिकच्या (अंगठ्याने फिरवायच्या दांडीच्या) टोप्या, ट्रिगरला लावायचे तुकडे असा वीस वस्तूंचा संच ऑनलाइन दिसतो आहे, तो घ्यावा का? आणि तोच स्विच घरातला नऊ वर्षांचा मुलगाही वापरतो.

संच घेऊ नका. त्यातल्या दोन वस्तू तुमच्या कामाच्या निघतील, बाकीच्या ड्रॉवरमध्ये जातील. शिवाय ज्या दोन कामाच्या, त्याच अशा संचात सर्वांत हलक्या प्रतीच्या असतात. मी कंट्रोलर आणि हातात धरायचे कन्सोल दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या कितीतरी यंत्रांवर असले संच चढवलेले असतात, आणि स्टिक उघडण्याआधी ती सगळी सजावट उतरवण्यातच वेळ जातो.

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. ग्रिपने त्यातली एकच सुटेल.

आधी अंगठा. उजव्या जॉय-कॉनवर चार बटणं वर आणि स्टिक खाली आहे. डावीकडे याच्या उलट. म्हणजे उजवा अंगठा स्टिकवर नेताना तो तळहाताकडे दुमडतो आणि मनगट करंगळीच्या बाजूला कलतं. त्यात स्विच जेमतेम १३.९ मिलिमीटर जाडीचा आणि मागून सपाट. तळहाताला टेकायला काहीच मिळत नाही, म्हणून बोटांची टोकं आणि अंगठ्याचा बुंधा यांच्या चिमटीत आपण जॉय-कॉनसकट सुमारे ४२० ग्रॅम वजन पेलत बसतो. अंगठ्याला एकाच वेळी दोन कामं पडतात: यंत्र धरायचं आणि गेममधला कॅमेरा फिरवायचा. ग्रिप घ्यायची ती यातलं पहिलं काम अंगठ्याकडून काढून घ्यायला. ती किती मऊ आहे, कोणत्या रंगाची आहे, तिच्यावर कोणतं चित्र आहे, हे सगळं नंतर.

आता करंगळी. करंगळीकडे जाणारी अल्नर नस कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाला घासून जाते. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच. आडवं पडून स्विच तोंडावर धरला की दोन्ही कोपरं पार दुमडलेली राहतात आणि कित्येकदा त्यांच्यावरच भार येतो. नस ताणली जाते, दाबली जाते, करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होतं. यावर जगातली कोणतीही ग्रिप चालत नाही. पाठीशी उशी घेऊन बसा, मांडीवर दुसरी जाडजूड उशी घ्या, हात तिच्यावर टेकवा. कोपराचा कोन काटकोनापेक्षा मोकळा राहिला पाहिजे. एवढं करूनही बधिरपणा जात नसेल, किंवा न खेळता झोपेतही येत असेल, तर हा विषय दुकानदाराचा नाही, डॉक्टरांचा आहे.

अंगठ्याच्या दुखण्याबद्दलही तेच. एक साधी चाचणी करून बघा: अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीच्या दिशेने वाकवा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला चटकन कळ आली, तर तिथल्या स्नायुबंधांचं आवरण सुजलेलं असू शकतं. डॉक्टर त्याला डी क्वेर्वेनचा विकार म्हणतात. ताण थोडा सगळ्यांनाच जाणवतो, पण सणक आली तर खरेदी थांबवा, काही दिवस खेळणंही थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

‘गेम खेळून कसला हात दुखतो’ असं घरी कोणी म्हणत असेल तर त्यांना सांगायला दोन गोष्टी आहेत. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘निन्टेन्डिनायटिस’ अशा शीर्षकाचं डॉक्टरांचं पत्रच छापून आलं होतं, आणि तेही अंगठ्याच्याच दुखण्याबद्दल. पुढे निन्टेन्डो ६४ वरच्या ‘मारिओ पार्टी’त स्टिक गरागरा फिरवण्याचे खेळ होते. पोरं ती तळहाताने फिरवायची आणि सालटी निघायची. न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे तक्रारी गेल्या, आणि २००० साली निन्टेन्डोने तो गेम घेतलेल्यांना हातमोजे द्यायचं कबूल केलं. हाताच्या आरामाची ही बहुधा सर्वांत गाजलेली अॅक्सेसरी, आणि ती कोणी हौसेने विकत घेतलेली नव्हती.

आता निवड. पैसे खर्च करण्याआधी एक प्रयोग करा. स्विच नेहमीसारखा धरा, उजवी तर्जनी झेडआरवर (उजव्या बाजूचा मागचा ट्रिगर), अंगठा स्टिकवर. दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगा की तळहात आणि जॉय-कॉनची पाठ यांच्यात पोकळी किती राहते. त्या पोकळीतून बोट आरपार जात असेल तर भराव लागणार. मग दोन सुती मोजे घ्या, प्रत्येकाची घट्ट गुंडाळी करा आणि रबर बँडने एकेक जॉय-कॉनच्या मागे उभी बांधा. तीन बोटं तिच्याभोवती वळतील अशी. दिसायला भिकार दिसेल, पण अर्धा तास खेळून बघा. अंगठा हलका वाटला तर तुम्हाला ग्रिप लागते हे पक्कं, आणि गुंडाळी कमीजास्त करून जाडी किती हवी तेही कळेल. काहीच फरक पडला नाही तर ग्रिपचे पैसे वाचले.

जाडीचा मुद्दा लोक विसरतात. बॅटच्या दांड्यावर एकावर एक रबर चढवलं की पकड भरदार होते पण मनगट वळेनासं होतं, तसंच इथे आहे. भराव जितका जाड, तितकी तर्जनी झेडआरपासून लांब जाते. मोठ्या हाताला हे चालतं. लहान हाताच्या माणसाने जाडजूड ग्रिप घेतली की बोटं ताणून ट्रिगर दाबावा लागतो आणि अंगठ्याचं दुखणं तर्जनीत येतं. ग्रिप बरोबर असल्याची खूण अशी: मनगट सरळ, अंगठा स्टिकवर किंचित वाकलेला, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर, आणि तिन्ही बोटं सैल सोडली तरी यंत्र हातातून घसरत नाही.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला, अख्खा स्विच ज्यात वरून सरकवायचा अशी दोन मुठींची चौकट. सॅटिस्फायसारख्या कंपन्यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. तळहात भरण्याच्या दृष्टीने हाच सर्वांत चांगला. तोटा म्हणजे टीव्हीला जोडायच्या डॉकमध्ये लावायचा झाला की दर वेळी बाहेर काढायचा, आणि पिशवीत जागा जास्त. घेताना मॉडेल नीट वाचा. ओएलईडी स्विच २४२ मिलिमीटर रुंद आहे, २०१७ सालचा मूळ स्विच २३९. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण मूळ मॉडेलच्या चौकटीत ओएलईडी कोंबला की कडा दाबली जाते. स्विच लाइट २०८ मिलिमीटरचा, त्याची गोष्टच वेगळी. स्विच २ तर आकारानेही मोठा आणि त्याचे जॉय-कॉन चुंबकाने बसतात; जुन्या स्विचची कोणतीही ग्रिप त्याला बसत नाही. आपल्याकडे निन्टेन्डोची अधिकृत विक्री नाही, माल आयात केलेला. लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, दुकानदार ‘सगळ्याला बसते’ म्हणाला तर आपला स्विच तिथेच बसवून बघा.

दुसरा प्रकार म्हणजे यंत्राला अंगासरशी बसणारं कव्हर आणि त्याला मागे जोडलेल्या किंवा बदलता येणाऱ्या छोट्या मुठी. प्रवासाला हे सोयीचं. पण जॉय-कॉनवर चिमट्यासारखं बसणारं कडक प्लास्टिक असेल तर सावध राहा. जॉय-कॉन ज्या रेलमध्ये सरकतो तिथे त्याला अडकवून ठेवणारी एक चिमुकली खिट्टी असते, आणि मूळ खिट्टी प्लास्टिकची. कव्हर रोज काढ-घाल केलं, किंवा मागच्या जड मुठीने जॉय-कॉन सतत तिरपा ओढला गेला, की ती झिजते. मग खेळता खेळता जॉय-कॉन वर सरकायला लागतो. धातूची खिट्टी बदलून मिळते, काम फार मोठं नाही, पण ही वेळ कव्हरमुळे यावी हे बरं नव्हे. बसवल्यावर दोन्ही जॉय-कॉन हलक्या हाताने पुढे-मागे हलवून बघा. कव्हरशिवाय जेवढे हलत होते त्यापेक्षा जास्त हलले, किंवा करकर वाजले, तर परत करा.

तिसरा, जॉय-कॉनच काढून त्यांच्या जागी मोठे भाग लावायचे. होरीचा स्प्लिट पॅड प्रो हे याचं नेहमीचं उदाहरण. मुठी भरदार, स्टिक मोठ्या, बटणं मोठी. मोठ्या हाताच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत पटतं. पण त्यात बॅटरी नाही, म्हणून स्विचपासून काढला की बंद. कंपन नाही, हात हलवून नेम धरायची सोय नाही, अमिबो (निन्टेन्डोच्या चिप असलेल्या बाहुल्या) वाचत नाही. तुम्ही नेम धरायला स्विच तिरपा करण्याची सवय लावून घेतली असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

प्रकार कोणताही असो, वरच्या कडेची जाळी मोकळी राहिली पाहिजे. गरम हवा तिथून बाहेर पडते. मागच्या आणि खालच्या बाजूला ज्या फटी दिसतात त्याही झाकायच्या नाहीत. कव्हर घालून मोठा गेम चालू असताना पंखा नेहमीपेक्षा मोठ्याने घुमायला लागला तर ते कव्हर त्या यंत्राचं नाही.

ग्रिप विकत घ्यायची नसेल तर बॅडमिंटनच्या रॅकेटला गुंडाळतात ती ओव्हरग्रिपची पट्टी घ्या. खेळाच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळते. तिचे तुकडे कापून जॉय-कॉनच्या पाठीवर दोन-तीन थर लावता येतात. डिंक लावू नका, पातळ दुहेरी टेप पुरते. घाम शोषते, हात घसरत नाही, घाण झाली की सोलून फेकायची. पोकळी भरण्याइतकी ती जाड नाही, पण ज्यांचा हात फक्त निसटतो त्यांना याच्यापुढे जायची गरज नसते.

सिलिकॉन कव्हरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. वस्तू पडली तर वाचते, हे खरं. पण मुंबईत किंवा कोकणात, गोव्यात, जूनपासून हवा अशी दमट की त्याच्या आत घाम साचतो, धूळ चिकटते आणि ती धूळ खालच्या प्लास्टिकवर बारीक रेघा पाडते. काही महिन्यांत ते ताणून सैल होतं आणि खेळताना हाताखाली सरकतं. सरकणारं कव्हर हे कव्हर नसण्यापेक्षा वाईट, कारण हात ते जागेवर ठेवायला जास्त घट्ट आवळतो. वापरायचंच असेल तर आठवड्यातून एकदा काढा, भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवून मग चढवा. ‘सॉफ्ट टच’ म्हणून विकतात तो मखमली रबरी थर मात्र आपल्याकडे टाळाच. दमट हवेत तो काही वर्षांत विरघळल्यासारखा चिकचिकीत होतो, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण उतरवण्याखेरीज मग काही करता येत नाही. हाताला घाम येतो म्हणून टाल्कम पावडर लावून खेळणारेही भेटतात. ती पावडर स्टिकच्या फटीतून आत जाते आणि मग यंत्र माझ्याकडे येतं.

स्टिकच्या टोप्यांकडे मात्र लक्ष द्या. तुमच्या अंगठ्याला ग्रिपखालोखाल याच उपयोगी पडतील. जॉय-कॉनच्या स्टिकचं डोकं लहान आणि बुटकं आहे. त्यावर अंगठा ठेवायला तो जास्त खाली वाकवावा लागतो आणि घसरू नये म्हणून दाबून धरावा लागतो. खरखरीत पृष्ठभागाची, किंचित उंच टोपी चढवली की दाब कमी लागतो. उंचीने आणखी एक होतं: स्टिक तेवढ्याच कोनात झुकते पण तिचं टोक जास्त अंतर कापतं, त्यामुळे नेम बारीक धरता येतो. पण अति उंच टोपी नको. टोक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेताना अंगठ्याला लांबचा प्रवास पडतो, आणि तुमचं दुखणं नेमकं त्या प्रवासाचंच आहे. उजवीकडे थोडी उंच, डावीकडे साधी, असं वेगवेगळं लावायला काहीच हरकत नाही. माथा खोलगट हवा की फुगीर, हा आवडीचा भाग. अंगठ्याचं टोक वापरणाऱ्यांना खोलगट बरी पडते, अंगठा आडवा ठेवणाऱ्यांना फुगीर.

टोपी जॉय-कॉनसाठीचीच घ्या. स्विचच्या वेगळ्या मिळणाऱ्या प्रो कंट्रोलरच्या किंवा प्लेस्टेशनच्या टोप्या मोठ्या; त्या डगडगतात. चढवताना टोपी दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, नीट पुसा, मग एका बाजूने अडकवून दुसरी बाजू ताणून बसवा. तेल लावायचं नाही, फेव्हिक्विक तर नाहीच नाही. बसवल्यावर टोपीची खालची कड सगळीकडून सारखी बसली आहे का बघा. स्टिक पूर्ण झुकवल्यावर ती कड भोवतालच्या कड्याला घासता कामा नये. मग सिस्टीम सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’ उघडून स्टिक कॅलिब्रेट करायच्या (तिचा मध्य आणि कडा जुळवायच्या) पानावर जा आणि स्टिक गोल फिरवा. आठही दिशांना शेवटपर्यंत जायला हवी, सोडली की मध्यावर परतायला हवी, आणि आत दाबली की टिचकी लागायला हवी. यातलं एकही होत नसेल तर टोपी चुकीची आहे.

स्टिक आपोआप एका बाजूला ओढत असेल, ज्याला ड्रिफ्ट म्हणतात, तर टोपीने ती बरी होणार नाही. जॉय-कॉनच्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर सरकणारा संपर्क असतो. ती पट्टी झिजली किंवा तिथे कचरा गेला की यंत्राला खोटा इशारा मिळतो. चुंबकावर चालणाऱ्या, हॉल सेन्सरच्या स्टिक बसवून घेता येतात, त्यात अशी घासाघासच नाही. उलट टोप्यांमुळे ड्रिफ्ट लवकर येण्याचा एक मार्ग मात्र मी वारंवार पाहतो: उंच टोप्या लावलेला स्विच जुन्या पातळ पाऊचमध्ये कोंबायचा. झाकणाच्या दाबाने स्टिक प्रवासभर वाकलेली राहते. टोपी लावली की पाऊचही तपासा. झाकण बंद केल्यावर स्टिकवर उठाव दिसता कामा नये.

ट्रिगरचे वाढीव तुकडे तुम्हाला नकोत. स्विचचे झेडएल-झेडआर अर्धे दाबता येतच नाहीत, दाबला किंवा न दाबला एवढंच. त्यामुळे तुकडा लावून फक्त बोटाला जागा मिळते, आणि स्विच टेबलावर ठेवताना तो आपोआप दाबला जातो. बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळणारे बोटांना घालतात ती पातळ टोपडी काचेवर बोट सरकण्यासाठी असतात, स्टिकवर त्यांचा उपयोग नाही. संचात ती फुकट मिळाली तरी बाजूला ठेवा.

आता एक गोष्ट, जी विकणारा सांगणार नाही. ओएलईडी स्विचच्या मागे रुंद, हव्या त्या कोनात थांबणारा टेकू आहे. तो उघडा, स्विच समोर स्टुलावर ठेवा, जॉय-कॉन काढून हातात घ्या. ३२० ग्रॅम टेबलावर गेले. उरले दोन्ही हातांत पन्नास-पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि हात मांडीवर, कोपरं मोकळी. दोन्ही जॉय-कॉन स्विचच्या खोक्यात आलेल्या ग्रिपमध्ये घातले की तळहातही बऱ्यापैकी भरतो. ती ग्रिप चार्ज करत नाही, चार्ज करणारी वेगळी विकत मिळते, पण आरामात फरक नाही. घरी खेळताना हे करा आणि चौकटीची ग्रिप फक्त प्रवासासाठी ठेवा. रोज दोन-दोन तास घरीच खेळत असाल तर ग्रिपचे पैसे प्रो कंट्रोलरमध्ये घालणं जास्त शहाणपणाचं. तो २४६ ग्रॅमचा आहे, पण ते वजन पूर्ण तळहातात बसतं.

मुलाचं वेगळं आहे. नऊ वर्षांच्या हाताला उघडा स्विच बोजड होतो तो रुंदीने आणि वजनाने. त्यावर तुमच्या मापाची ग्रिप चढवली की बटणं त्याच्या बोटांपासून आणखी लांब जातात. त्याच्यासाठी ग्रिप काढता येणारीच हवी, आणि त्याने टेकू लावूनच खेळावं. एक जॉय-कॉन आडवा धरून खेळत असेल तर खोक्यातली मनगटाची दोरी असलेली पट्टी लावा. तिच्यामुळे एसएल-एसआर ही बारकी बटणं मोठी होतात, आणि नाचून खेळायच्या गेममध्ये जॉय-कॉन टीव्हीवर जात नाही. निन्टेन्डोच्या ‘वी’ या जुन्या कन्सोलच्या काळात रिमोट हातातून सुटण्याचं इतकं घडलं की निन्टेन्डोने डिसेंबर २००६ मध्ये दोऱ्या बदलून जाड दिल्या आणि २००७ मध्ये रिमोटसाठी सिलिकॉनचं जाकीट फुकट वाटलं. पट्टी सरकवताना तिच्यावरचं अधिक किंवा उणे चिन्ह जॉय-कॉनवरच्या चिन्हाशी जुळवून घ्या. मुलं ती हमखास उलटी घालतात आणि ती घट्ट अडकते. अडकली तर पक्कड लावू नका. पट्टीच्या टोकाचं छोटं कुलूप उघडं आहे ना ते बघा, आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर देत, तिरपी न करता, आली त्याच वाटेने हळूहळू मागे सरकवा.